फॉलोअर्स लाखभर, पण ते नेमके कोणाचे? स्वतंत्र कलाकारांसाठी प्लॅटफॉर्मबाहेरच्या वाटा

२९ जून २०२० च्या रात्री केंद्र सरकारनं ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होतं. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या अनेक तरुणांनी तोवर तिथं हजारो, काहींनी लाखो फॉलोअर्स जमवले होते. एका निर्णयानं ते सगळे गेले. बंदी योग्य होती की नाही, हा वेगळा विषय. पण त्या रात्री एक गोष्ट स्पष्ट झाली. आपला प्रेक्षक आपल्यापाशी नव्हताच, तो ॲपच्या वहीत नोंदलेला होता. ती वही आपल्याला कधी मिळणार नव्हती.

लेखक, गायक, चित्रकार, पॉडकास्ट करणारे अशा सगळ्यांना हा धोका लागू होतो. मग दुसऱ्या वाटा कोणत्या? एकेक पाहू.

मोठ्या प्लॅटफॉर्मवर अडचण काय आहे?

अडचणी दोन आहेत. पहिली म्हणजे तुमचं काम कोणाला दिसणार, हे तिथलं अल्गोरिदम ठरवतं. दुसरी म्हणजे पैशाचे नियम कंपनी ठरवते आणि ते बदलू शकते. स्पॉटिफायचं उदाहरण घ्या. २०२४ पासून तिथं नियम असा आहे की आधीच्या १२ महिन्यांत एखादं गाणं किमान १,००० वेळा ऐकलं गेलं नसेल, तर त्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाचं मानधन मिळत नाही. नव्या गायकाला हा उंबरठा ओलांडणं सोपं नसतं.

वाट पहिली: थेट विक्री

१० ऑक्टोबर २००७ रोजी रेडिओहेड या ब्रिटिश बँडनं 'इन रेनबोज' हा अल्बम स्वतःच्या वेबसाइटवर ठेवला. किंमत ऐकणाऱ्यानंच ठरवायची होती, अगदी शून्य दिले तरी चालणार होतं. रेकॉर्ड कंपनीशी त्यांचा करार तेव्हा संपलेला होता. अर्थात, बँड आधीच जगप्रसिद्ध होता, हे विसरून चालणार नाही. नवख्यानं तसंच केलं तर तितकी गर्दी होईलच असं नाही.

नवख्यांसाठी बँडकॅम्पसारख्या साइट्स आहेत. तिथं कलाकार स्वतः किंमत लावतो. डिजिटल विक्रीवर साइट साधारण १५ टक्के घेते, पेमेंटचं शुल्क वेगळं. म्हणजे २०० रुपयांच्या अल्बममागे ते शुल्क सोडून १७० रुपये हाती येतात. ३०० जणांनी विकत घेतला तर ५१,००० रुपये होतात. इथं लाखो व्ह्यूज लागत नाहीत, ३०० माणसं लागतात.

वाट दुसरी: सभासद वर्गणी

जॅक कॉन्टे या संगीतकारानं सॅम यॅमसोबत २०१३ मध्ये पॅट्रिऑन सुरू केलं. चाहत्यांनी दरमहा ठरावीक रक्कम द्यायची आणि कलाकारानं त्यांना नवं काम आधी दाखवायचं, अशी ही पद्धत.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. मासिकाची वार्षिक वर्गणी, दिवाळी अंकाचं आगाऊ बुकिंग, पुस्तकावरची प्रकाशनपूर्व सवलत ही त्याचीच जुनी रूपं आहेत. 'ग्रंथाली'ची वाचक चळवळही वाचकाशी थेट नातं जोडण्यावरच उभी राहिली.

भारतात यात एक तांत्रिक अडसर आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून दरमहा आपोआप पैसे कापायला ग्राहकाची वेगळी मंजुरी, म्हणजे ई-मँडेट लागतं. ग्राहकासाठी हे चांगलंच आहे. पण ही सोय नसलेल्या परदेशी साइट्सवर भारतीय चाहत्यांची पेमेंट्स अडकू लागली. म्हणून इथल्या कलाकारानं दरमहा वर्गणीऐवजी वर्षाची वर्गणी यूपीआयनं घेणं सोयीचं पडतं.

वाट तिसरी: स्वतःच प्रकाशक होणं

ॲमेझॉनच्या किंडलवर २०१६ च्या अखेरीपासून मराठी ई-पुस्तकं आहेत, आणि लेखकाला तिथं स्वतः पुस्तक टाकता येतं. मात्र रॉयल्टीचे दर नीट वाचा. ते ३५ किंवा ७० टक्के असतात. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील, तर ई-पुस्तक ठरावीक काळ फक्त किंडललाच द्यावं लागतं. म्हणजे जास्त पैशाच्या बदल्यात तुम्ही बाकीची दारं बंद करता.

वाट चौथी: पत्ता स्वतःकडे ठेवणं

सगळ्यात कमी चमकदार, पण सगळ्यात टिकाऊ वाट हीच. स्वतःच्या नावाचं डोमेन घ्या आणि वाचकांच्या ईमेलची यादी त्यांच्या परवानगीनं करा. यादी वेळोवेळी उतरवून ठेवली, की पाठवणारी सेवा बंद पडली तरी तीच यादी घेऊन दुसरीकडे जाता येतं. पॉडकास्टचंही तसंच आहे. तो आरएसएस फीडवर चालतो. होस्टिंग बदललं तरी जुनी फीड नव्या पत्त्याकडे वळवता येते आणि श्रोते सोबत येतात. यूट्यूबचे सबस्क्रायबर्स असे हलवता येत नाहीत.

मग मोठे प्लॅटफॉर्म सोडायचे का?

नाही. नवी माणसं तिथंच भेटतात. शिवाय पर्यायी साइटही कायमची नसते. बँडकॅम्प २०२२ मध्ये एपिक गेम्सनं घेतली, २०२३ मध्ये ती साँगट्रेडरकडे गेली आणि जवळपास निम्म्या कर्मचाऱ्यांना नव्या कंपनीत जागा मिळाली नाही. कलाकारांची साइट म्हणून तिच्यावर विसंबलेल्यांना तेव्हा धडकी भरली होती.

थेट वाटेवर कष्टही जास्त आहेत. हिशेब ठेवणं, लोकांच्या ईमेलना उत्तरं देणं, उत्पन्नावरचा कर भरणं हे सगळं तुमच्यावर येतं. जो वेळ चित्रात किंवा गाण्यात जायचा, त्यातला काही इथं जातो.

म्हणून व्यवहार्य मार्ग मधला आहे. मोठे प्लॅटफॉर्म बाजारपेठ म्हणून वापरा, घर म्हणून नाही. व्हिडिओच्या खाली, पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, कार्यक्रमाच्या शेवटी तुमच्या स्वतःच्या पत्त्याची एक ओळ द्या. मूळ फाइल्स स्वतःच्या डिस्कवर ठेवा. आणि महिन्यातून एकदा एक प्रश्न स्वतःला विचारा: उद्या सकाळी हे ॲप उघडलंच नाही, तर माझं पुढचं काम तयार झाल्याचं मी किती जणांना कळवू शकेन? तो आकडा शून्य असेल, तर सुरुवात तिथूनच करायची आहे.