संथ पानांचा शोध (भाग ६) : अपलोडची रांग

ब्राउझरमधल्या एक्स्टेन्शनचा हिशेब या आठवड्यात मांडायचं ठरलं होतं. तो आता पुढच्या भागात. खर्डीहून एका वाचकाचं पत्र आलं आहे आणि त्यातला प्रश्न आधी घ्यायलाच हवा.

हे वाचक लग्नाचे फोटो काढतात. मागच्या भागात सांगितल्याप्रमाणे त्यांनी सकाळी स्पीड टेस्ट केली. डाउनलोड ४० एमबीपीएस, अपलोड २. तरीही संध्याकाळी मुलगी घरच्या कॉम्प्युटरवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसली की पान उघडता उघडत नाही. सकाळी तेच पान झटकन उघडतं. कॉम्प्युटर फॉरमॅट करून झाला, अँटिव्हायरस बदलून झाला. पत्राच्या शेवटी मात्र त्यांनी जाता जाता लिहिलं आहे की, संध्याकाळी अल्बमचे फोटो क्लाउडवर चढवायला लावलेले असतात.

उत्तर तिथेच आहे.

कसाऱ्यापुढे थळ घाटाचा चढ ३७ला १ असा आहे. गाड्यांना मागून बँकर इंजिनं जोडावी लागतात. घाटापाशी मालगाड्यांची रांग लागली, तर कल्याणहून सुसाट आलेली गाडीही खर्डीला खोळंबते. घरच्या इंटरनेटचा घाट म्हणजे अपलोड. फोटोंच्या फाइली राऊटरपर्यंत वायफायवरून वेगाने येतात, पुढे मात्र २ एमबीपीएसची वाट. उरलेला माल राऊटर किंवा मोडेम आपल्या मेमरीत साठवून ठेवतो. ही साठवण १ मेगाबाइटची धरली, तर ती भरल्यावर रिकामी व्हायला ४ सेकंद लागतात. अर्जाच्या पानाची मागणी असते एवढीशी, पण तिला उभं राहावं लागतं त्याच रांगेच्या शेवटी.

आणि पान एका मागणीत येत नाही. आधी संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधायचा, म्हणजे डीएनएसची एक फेरी. मग सर्व्हरशी जोडणी, ही दुसरी. मग कुलूपबंद संवादाची बोलणी, टीएलएस १.३ असेल तर एक फेरी, जुन्या १.२मध्ये दोन. त्यानंतर प्रत्यक्ष पानाची मागणी. चार फेऱ्या, प्रत्येकीला ४ सेकंद. पहिलं अक्षर दिसायच्या आधीच १६ सेकंद गेले! लाइन मोकळी असताना एक फेरी ३० मिलिसेकंदांत होत असेल, तर हेच काम सेकंदाच्या आठव्या भागात उरकतं. डाउनलोडही यातून सुटत नाही, कारण आलेल्या मालाची पोच वर पाठवावी लागते आणि ती पोचही रांगेत अडकते.

या दुखण्याचा इतिहास मोठा रंजक आहे. ऑक्टोबर १९८६मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ या जेमतेम ४०० यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. व्हॅन जेकबसन त्याच्या मागे लागले आणि १९८८मध्ये त्यांनी उपाय मांडला: पाकिटं हरवू लागली की वाट तुंबली असं समजून पाठवणाऱ्याने हात आखडता घ्यायचा. इंटरनेट त्या नियमावर सावरलं. पुढे मेमरी स्वस्त झाली आणि उपकरणांत भरमसाट साठवण आली. पाकीट हरवतच नाही, नुसतं ताटकळतं. मग पाठवणाऱ्याला वाट तुंबल्याचं कळणार कसं? तो पाठवतच राहतो. २०१०मध्ये जिम गेटिस यांना हा प्रकार स्वतःच्या घरी, मोठ्या फाइली एमआयटीकडे पाठवताना सापडला. वेबचा पाया असलेल्या एचटीटीपी १.१चे ते एक कर्ते. त्यांच्याही घरी पानं रखडत होती. ‘बफरब्लोट’ हे नाव त्यांनीच रूढ केलं. त्यावरचा ‘कोडेल’ हा उपाय २०१२मध्ये कॅथलीन निकोल्स यांच्यासह पुन्हा जेकबसन यांनीच दिला. एकाच माणसाने पाव शतकाच्या अंतराने दोनदा हे जाळं मोकळं करावं, हे फार विलक्षण आहे.

आता परीक्षा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पिंग -टी ८.८.८.८’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्यावी. दर ओळीला मिलिसेकंदांचा आकडा दिसेल. मिनिटभर तो पाहावा, मग फोटो चढवायला सुरुवात करावी. ३०-४०चा आकडा शेकड्यांत किंवा हजारांत गेला आणि अपलोड थांबवताच खाली आला, तर निदान पक्कं. कंट्रोल आणि सी दाबलं की आज्ञा थांबते. साधी स्पीड टेस्ट पिंग मोजते ती बहुधा मोकळ्या लाइनवर, म्हणून तिला हे दिसत नाही. ‘फास्ट डॉट कॉम’वर मात्र अधिक माहितीचं बटण दाबल्यावर मोकळ्या आणि भरलेल्या लाइनचे दोन वेगळे आकडे मिळतात.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे अल्बम रात्री झोपताना चढवायला लावणं. ते जमत नसेल तर वेगाला आवर घालावा: वनड्राइव्हसारख्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये अपलोडची मर्यादा ठरवता येते. २ एमबीपीएसची लाइन असेल तर दीडच्या आसपास ठेवावी. फोटो थोडे उशिरा पोचतील, पण साठवण भरणार नाही. घरातल्या मोबाइलचे आपोआप होणारे फोटो-बॅकअप आणि क्लाउडवर चित्रण पाठवणारे सीसीटीव्ही कॅमेरेही विसरू नयेत. कॉम्प्युटरवर काहीच चालू नसताना पानं रखडतात, तेव्हा पुष्कळदा तेच कारण निघतं. राऊटरमध्ये ‘एसक्यूएम’ची सोय असेल तर ती जरूर चालू करावी. ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त प्रणालीत ती मिळते, आणि तिच्यात कोडेलच्याच घराण्यातली पद्धत काम करते.

सिमकार्डावर चालणाऱ्या राऊटरवाल्यांना एक अडचण येईल. मोबाइल टॉवरचा वेग घटकेघटकेला बदलतो. दुपारी बेताची वाटलेली मर्यादा संध्याकाळी जास्त ठरते. त्यांनी पिंगची परीक्षा संध्याकाळच्या गर्दीतच घ्यावी आणि तेव्हाच्या अपलोडवरून आकडा बेतावा.