न हलणाऱ्या दगडाच्या शोधात

गोड्या मसाल्यासाठी दगडफूल निवडायला बसलं की त्यात हटकून सालीचे तुकडे निघतात. नाव दगडाचं, पण बाजारात येणारा बराचसा माल झाडांवरून खरवडलेला. सह्याद्रीत या जिवाला जागेची ददात नाही. झाड, कातळ, कौल, गडग्याची भिंत, मिळेल तिथे तो बस्तान मांडतो. कॅनडाच्या उत्तरेला एल्समियर, डेव्हन, बॅफिन या बेटांवर झाडंच नाहीत. तिथे त्याच्या भाऊबंदांना आपलं नाव सार्थ करून दाखवावं लागतं.

दगडफुलाच्या या कुळाला शास्त्रीय मराठीत शैवाक म्हणतात. शैवाक म्हणजे एक जीव नव्हे, संसार आहे. कवक घर बांधतं, पाणी धरून ठेवतं. त्याच्या आत राहणारं शैवल उन्हावर अन्न शिजवतं. नव्या जागी जायचं तर अडचण इथूनच सुरू होते. कवकाचा बीजाणू एकटाच उडाला, तर उतरल्या ठिकाणी त्याला जोडीदार शैवल भेटायला हवं. म्हणून अनेक शैवाकं दोघांना एकत्र बांधलेली भुकटी वाऱ्यावर सोडतात किंवा सरळ स्वतःचा तुकडा मोडून देतात. थॅमनोलिया हे पांढरं, अळीसारखं शैवाक जवळपास सगळा प्रसार तुकड्यांवरच करतं. सुकलं की ते कडकन मोडतं आणि हिवाळ्यात गोठलेल्या बर्फावरून वारा ते तुकडे दूरवर घरंगळत नेतो.

पोहोचणं सोपं, टिकणं अवघड. ध्रुवप्रदेशात थंडीनेच जीव जातो, असं आपल्याला वाटतं. शैवाकाचं तसं नाही. ते पार सुकून निपचित पडतं आणि ओल मिळताच पुन्हा कामाला लागतं. झँथोरिया एलिगन्स हे नारिंगी शैवाक 2008-09 मध्ये अंतराळ स्थानकाच्या बाहेर दीड वर्ष ठेवलं होतं, तेही जगलं. खरी टंचाई असते द्रवरूप पाण्याची. म्हणून सूर्याकडे कललेला काळा खडक मोलाचा. हवा गोठलेली असतानाही तो उन्हाने तापतो, भेगेतला बर्फ पाझरतो आणि तेवढ्या तासाभरात शैवाक पोटापुरतं मिळवून घेतं.

खडकाची जातही पाहावी लागते. बॅफिनच्या ग्रॅनाइटवर हिरवट-पिवळं नकाशा शैवाक, रायझोकार्पॉन, पसरतं. चुनखडीवर त्याचं जमत नाही, तिथे दुसरी मंडळी. झँथोरियाला पक्ष्यांची शीट मानवते, त्यामुळे ससाणे-घुबडं नेहमी बसतात ते उंच धोंडे लांबूनही केशरी दिसतात. मस्कऑक्स या केसाळ प्राण्याची पडून राहिलेली कवटीसुद्धा कुणाला तरी चालते. फार काळ बर्फाखाली राहणारा खळगा मात्र बहुतेकांना नको, कारण तिथे उन्हाळा यायच्या आतच संपतो.

या सगळ्याच्या वर एक अट: दगड हलता कामा नये. तिथली जमीन दरवर्षी गोठते, फुगते, वितळते आणि दगड उलथेपालथे करते. उलथलेल्या दगडावरचा संसार अंधारात मरतो. नकाशा शैवाकाची वाढ तर अतिथंड जागी शतकाला काही मिलिमीटर, म्हणजे टिकलीएवढा ठिपका उमटायला कित्येक पिढ्या जातात.

याच संथपणाचं ऑस्ट्रियात जन्मलेल्या रोलंड बेशेल यांनी घड्याळ केलं. ठिपक्याचा व्यास मोजायचा आणि खडक बर्फाबाहेर येऊन किती काळ झाला ते काढायचं, ही पद्धत त्यांनी 1950 च्या सुमारास मांडली. पुढे कॅनडात, किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात असताना, ती त्यांनी उत्तरेकडच्या ॲक्सेल हायबर्ग बेटावर नेली. 1962 मध्ये भूगोलतज्ज्ञ जॅक आइव्ह्स यांनी बॅफिनच्या पठारावरचे फिकट पट्टे उलगडले. आजूबाजूचे खडक शैवाकांनी काळवंडलेले, हे मात्र उजळ. अलीकडच्या काही शतकांत तिथे बर्फ वर्षभर साचून राहिला होता आणि खालची शैवाकं मेली होती. जिथे शैवाक नाही, ती जागाही बोलते, हे तेव्हा कळलं.

माणसाने अशाच खडकांवर पोट भरायचाही प्रयत्न केला. 1821 मध्ये इंग्रज दर्यावर्दी जॉन फ्रँकलिन यांची तुकडी कॅनडाच्या उत्तर किनाऱ्याची पाहणी करून उपाशीपोटी परतत होती, तेव्हा त्यांनी अंबिलिकेरिया खरवडून उकळलं. सोबतचे फ्रेंच भाषक नावाडी त्याला ‘खडकाची वजडी’ म्हणत. वीस जणांपैकी अकरा दगावले. कॅरिबूला मात्र जमिनीवरची शैवाकं पचतात. हिवाळ्यात खुराने बर्फ उकरून तो तीच चरतो. दक्षिणेकडच्या जंगलात वणवा लागला की ते कुरण पुन्हा भरायला दशकं लागतात.

आता कायम गोठलेली जमीनही वितळू लागली आहे. हिमनद्या मागे सरकताहेत, नवे खडक उघडे पडताहेत. शैवाकाला जागा वाढली असं वरवर दिसतं. पण वितळत्या उतारावर धोंडे घसरतात. उघडा दगड हवा तेवढा मिळेल. शंभर वर्षं एका जागी बसून राहील असा किती मिळेल, प्रश्न तेवढाच आहे.