पाणी किती फूट?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. मी तेव्हा आजीच्या कडेवर होते. आजी सांगते, "धरण फुटलं" असा निरोप मोबाईलवर फिरला. माणसं पोरंबाळं घेऊन टेकावर पळाली. धरण शाबूत होतं!

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून खरी सूचना झाली. आजोबा म्हणाले, "कालच्यासारखंच असंल." शेवटी त्यांना नावेतून काढावं लागलं.

म्हणून निरोप आला की विचारावे : कुणी सांगितलं? कधी सांगितलं? पाणी किती फूट? सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाणी मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. १०७७ या नंबरवरही विचारता येते.

खात्री नसेल तर निरोप पुढे धाडू नका. खरी सूचना आली तर मात्र थांबू नका.