पाणकावळा पंख पसरून का बसतो?

माझ्या मामाचं गाव भिगवणजवळ आहे. तिथं भीमा नदीवरच्या उजनी धरणाचं पाणी पसरलेलं आहे. हिवाळ्यात लोक रोहित पक्षी बघायला येतात. मी दिवाळीच्या सुट्टीत पाणकावळा बघितला.

पाणकावळा काळा असतो, पण कावळ्याच्या जातीचा नव्हे. त्याच्या पायाची चारही बोटं कातडीने जोडलेली असतात. वल्ह्यासारखे पाय मारत तो पाण्याखाली माशाच्या मागे लागतो. त्यानं बुडी मारली की मी आकडे मोजायचो. वीस झाले तरी वर येईना! चोचीचं टोक आकड्यासारखं वाकडं असतं, म्हणून मासा निसटत नाही. मासा तो डोक्याकडून गिळतो, म्हणजे काटे घशात अडकत नाहीत.

मग तो वाळक्या बाभळीवर पंख पसरून बसला. मला वाटलं, आजारी आहे. उडतो का बघायला मी खडा मारला. तो पाण्याला टेकत टेकत कसाबसा उडाला. मामा रागावले. म्हणाले, "अरे, त्याचे पंख भिजतात, म्हणून तर त्याला सहज बुडी मारता येते. पण ओल्या पंखांनी उडणं जड जातं. तो पंख वाळवत होता!"

मला फार वाईट वाटलं. आपल्या जळोचीकडे कालव्यावर नाहीतर तळ्यावर असा पाणकावळा दिसला, तर खडा मारू नका. लांबूनच बघा. त्याला उन्हात बसू द्या.