बागेचे आरक्षण आणि रहिवाशांचा हक्क

सार्वजनिक बाग बंद होते ती बहुधा कुलूप लावून नव्हे, तर नकाशावरचे आरक्षण बदलून. म्हणून बाग राखायची तर कायदा माहीत हवा, असे आम्हांस वाटते.

बंगळूरच्या राजमहाल विलास विस्तार या वसाहतीत विकास योजनेने एक जागा बागेसाठी राखून ठेवली होती. पुढे सरकारी आदेशाने ती खासगी रुग्णालयासाठी एका वैद्यकीय ट्रस्टला देण्यात आली. (रुग्णालय म्हटले की विरोध करणाराच वाईट ठरतो!) तरीही रहिवासी न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने त्यांच्या बाजूने कौल दिला व १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. पर्यावरण, मोकळी हवा व विरंगुळा यांसाठी राखलेली जागा खासगी कामाला देता येत नाही आणि त्याविरुद्ध दाद मागण्याचा रहिवाशांना हक्क आहे, हे त्या निकालाचे सार.

आपल्याकडे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ आहे. त्याच्या कलम ३७ नुसार विकास आराखड्यात फेरफार करण्यापूर्वी सूचना प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. मुदत एक महिन्याची. अशा सूचना बारीक टाइपात असतात. विद्यार्थ्यांनी त्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवाव्यात. हरकत लेखीच द्यावी आणि पोच घ्यावी.