खाणावळीचें ताट

परगांवचा मनुष्य म्हसवडास एस्. टी.तून उतरला आणि त्यास भूक लागली असली म्हणजे तो प्रथम 'हॉटेल' अशी पाटी शोधूं लागतो. पाटी लवकरच सांपडते. परंतु आंत चहा, भजीं आणि फार तर मिसळ, याखेरीज बहुधा कांहीं मिळत नाहीं. आमच्या बाजूस हॉटेल म्हणजे चहाचें दुकान. पोटभर जेवावयाचें असेल तर खाणावळ कोठें आहे अशी चौकशी करावी लागते, आणि पुष्कळदां ती कोणाच्या तरी राहत्या घराचीच पुढची पडवी असते. हा भेद वरवर पाहतां लहान दिसतो. परंतु त्यांत बरेंच कांहीं सांठलेलें आहे, म्हणून यंदाच्या अंकासाठीं आम्हीं हा विषय घेतला.

आम्ही ज्या खाणावळींत कधीं कधीं जेवतों ती एकाच कुटुंबाची आहे. पुढें चार मेजें व बांकें, मागें चूल. यजमान बाजार करितात, गल्ल्यावर बसतात व ताटें वाढतात. त्यांच्या मातोश्री आमटी व रस्सा पाहतात, आणि पत्नी भाकरी थापतात. नोकर कोणी नाहीं.

भाकरीचें काम वाटतें तितकें सोपें नाहीं. गव्हाच्या पिठांत जो चिवटपणा असतो तो बाजरींत नसतो; म्हणून पोळ्यांच्या कणकेप्रमाणें तिचें पीठ एकदम मळून ठेवितां येत नाहीं. ऊन पाण्यांत एक-दोन भाकरींपुरतेंच पीठ मळावयाचें, परातींत थापावयाचें, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवावयाचा, उलटावयाचें, आणि शेवटीं निखाऱ्यावर धरून फुगवावयाचें. शिवाय बाजरींत स्निग्धांश अधिक असल्यामुळें दळून ठेविलेलें पीठ थोड्याच दिवसांत कडवट होतें. तेव्हां दळणही थोडें थोडें व वरचेवर आणावें लागतें. सारांश, ज्या पदार्थास सर्वांत अधिक मागणी तोच आधीं करून ठेवितां येत नाहीं. गिऱ्हाईक बांकावर बसल्यावर आंतून थापटण्याचा आवाज ऐकूं येतो तो यामुळेंच. त्या आवाजाकडे आम्हीं अनेक वर्षें लक्ष दिलें नव्हतें, हें येथें कबूल केलें पाहिजे. जेवण उशिरा आलें म्हणून कुरकुर मात्र केली होती.

माणदेश हा पर्जन्यछायेचा मुलूख. येथें बाजरी, ज्वारी, हुलगा, मटकी यांवर माणसांचें व शेळ्यामेंढ्यांवर संसाराचें भागत आलें. खाणावळीचें ताटही तसेंच: भाकरी, मटकीची उसळ किंवा आमटी, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा खर्डा, कांदा, आणि ज्यांस परवडेल त्यांस मटण. मटणाचे तुकडे मोजून, परंतु रस्सा मागेल तितका, ही रीत सर्वत्र आहे. पाहुण्यास ती उदारपणाची वाटते, आणि ती तशी आहेही. पण तींत हिशेबही आहे. मांस सकाळीं वजनानें विकत आणावें लागतें, उरलें तर नुकसान घरच्यांचें. रस्सा मात्र खोबरें, कांदा व मसाला यांच्या बळावर वाढवितां येतो. रात्रीं पातेल्यांत काय उरेल याचा अंदाज ज्यास साधला त्याचीच खाणावळ टिकते.

दारावरून जाणाऱ्या गिऱ्हाइकांपेक्षां खाणावळीस खरा आधार महिन्याच्या मेंबरांचा. घरापासून दूर नोकरी करणारे शिक्षक, कारकून, कंपौंडर हे महिन्याचे पैसे ठरवून दोन्ही वेळां जेवतात. एखाद्या वेळीं जेवावयास यावयाचें नसेल तर आधीं कळवावें लागतें. त्यास 'खाडा' म्हणतात, आणि खाड्यांचे पैसे महिन्याअखेर वजा होतात. न कळवितां गैरहजर राहिल्यास तो खाडा धरीत नाहींत, कारण भाकरी थापली गेलेली असते. आमचें गणित हुशार विद्यार्थ्यांस जितकें येतें तितकें या वहींतही दिसतें.

याच व्यवहाराचें मोठें रूप मुंबईस पाहावयास मिळत असे. सातारा जिल्ह्यांतून व कोंकणांतून हजारों पुरुष कापडाच्या गिरण्यांत कामास गेले. बायकामुलें गांवीं, आणि एका खोलींत पाळीपाळीनें निजणारे दहा-पंधरा जण. अशा लोकांस जेवूं घालण्याचें काम लालबाग-परळच्या चाळींतील बायकांनीं आपल्या चुलींवर केलें. महिनाभर उधार जेवावयाचें व पगाराच्या दिवशीं पैसे द्यावयाचे, अशी रीत. तोंवर वाण्याचें देणें फेडण्यास त्या सावकाराकडून भारी व्याजानें कर्ज काढीत. इ. स. १९७५ मध्यें श्रीमती प्रेमा पुरव यांनीं या खाणावळवाल्या बायकांचें 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापिलें व त्यांस राष्ट्रीयीकृत बँकेचें कर्ज मिळवून दिलें. तारण ठेवण्यास त्यांच्यापाशीं कांहीं नव्हतें. होतें तें रोज वेळेवर स्वयंपाक होत असल्याचें चाळीस ठाऊक असलेलें सत्य. पुढें १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, त्यांत सुमारें अडीच लक्ष कामगार होते. पगार बंद, म्हणजे खाणावळींची वसुलीही बंद. संपाचा इतिहास लिहिणारे कामगारांची नोंद घेतात. या चुलींची नोंद क्वचितच घेतात.

म्हसवडांत इ. स. १९९७ मध्यें श्रीमती चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकारानें 'माणदेशी महिला सहकारी बँक' सुरू झाली. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनें नाकारला होता, कारण प्रवर्तक बायका निरक्षर होत्या. त्या लिहावयास शिकल्या व पुन्हां गेल्या. व्याजाचा हिशेब तोंडीं करण्यास त्यांस कोणी शिकवावें लागलें नव्हतें.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे येतों. पैसे देऊन जेवणें ही साधी देवघेव. परंतु कोणी कोठें बसून जेवावें हें आपल्या देशांत पैशावर ठरत नसे. आमचे आजोबा मिशनच्या शाळेंत शिकून शिक्षक झाले. मार्गशीर्षांतील सिद्धनाथाच्या रथाच्या दिवसांत कामानिमित्त येथें आले असतां एका दुकानीं त्यांस चहा मिळाला तो बाहेर उभें राहून, त्यांनीं स्वतः आणलेल्या करवंटींत, वरून ओतलेला. पैसेही जमिनीवर ठेवावे लागले. अंगांत कोट होता, खिशांत इंग्रजी पुस्तक होतें, धर्मही बदललेला होता. करवंटी तेवढी तीच राहिली होती. ही हकीकत त्यांनीं आमच्या वडिलांस एकदांच सांगितली व पुन्हां कधीं काढली नाहीं.

कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं यावर एक निराळाच उपाय केला होता. गंगाराम कांबळे या महार समाजांतील गृहस्थांस त्यांनीं चहाचें दुकान काढण्यास साहाय्य केलें, आणि आपली गाडी तेथें थांबवून स्वतः चहा घेतला. बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींसही तो घेणें भाग पडलें. पुढें २६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमानें उपाहारगृहांत जाण्यास जात किंवा धर्म आड येऊं नये असें ठरलें, आणि इ. स. १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्यानें अशी अडवणूक शिक्षेस पात्र झाली. कायद्यानें दार उघडतें. बांक मात्र माणसांनीं सरकून द्यावा लागतो. आज आम्ही ज्या बांकावर बसतों त्यावर शेजारीं कोण आहे हें कोणी विचारीत नाहीं. सर्व गांवांत असेंच आहे असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं.

एक गोष्ट राहिली. नववींतील एक मुलगा पहिल्या तासास नेहमीं पेंगत असे, व आम्ही त्यास वर्गांत फार टाकून बोललों होतों. एके रात्रीं उशिरा त्या खाणावळींत गेलों, तों पाण्याचे पेले घेऊन तोच समोर उभा! घरच्या धंद्यांत शाळेच्या वेळेबाहेर मुलानें हातभार लावण्यास कायद्याची मनाई नाहीं, आणि त्याचे आईबाप त्यास शाळेंतून काढूं इच्छीत नव्हते. उलट गल्ल्यावरच्या वहीच्या मागें त्याचे बीजगणिताचे प्रश्न सोडविलेले होते. त्याच्या आईनें आमच्या ताटांत एक भाकरी अधिक वाढली व पैसे घेण्याचें नाकारलें. आम्हीं ते आग्रहानें दिले. शेवटीं यजमानांनीं मुलाकडे वही दिली, व त्यानेंच आमच्या नांवापुढें रक्कम मांडली.

दुसऱ्या दिवसापासून त्यास आम्ही फळ्यापाशीं पहिल्या तासास बोलावीत नाहीं. चौथ्या तासास बोलावितों.