कडबाकुट्टी चालवा, पण बोटे सांभाळून



गळीत हंगामात उसाचे वाढे घरोघर येतात आणि गोठ्यातली विजेची कडबाकुट्टी सारखी फिरते. कुट्टीने वैरण वाया जात नाही, हे खरे. पण वैरण आत ओढणाऱ्या रोलरला वाढे कोणते अन् हात कोणता, हे कळत नाही. आम्ही गटात फिरतो तेव्हा चाकावरचे झाकण काढून ठेवलेले पुष्कळ ठिकाणी दिसते. ते आधी बसवा.

वैरण अडकली तर हाताने रेटू नका, लाकडी काठी घ्या. पदर खोचलेला, बाह्या दुमडलेल्या असाव्यात. पोरांना जवळ फिरकू देऊ नका. लाइट गेली की लगेच स्विच बंद करा. नाहीतर लाइट येताच यंत्र आपसूक सुरू होईल. बटन बंद केल्यावरही जड चाक थोडा वेळ फिरतच असते. ते पूर्ण थांबू द्या, फ्यूज काढा, मगच पात्यांना हात लावा.

पात्यांचे बोल्ट रोज आवळून पाहा. बोथट पात्याने मोटारीवर ताण येतो, म्हणून धार वेळेवर लावा. गिअरला वंगण द्या, अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या.

वैरण घटकाभर उशिरा पडली तर जनावर थांबते. गेलेले बोट परत येत नाही.

— ऊस विकास अधिकारी